श्वास आणि स्पर्श

आपल्या निवासी विद्यालयात रोज सकाळी त्रिसरण-पंचशील झाल्यावर दहा मिनिटे आनापानसतीचा सराव होतो. येणारा-जाणारा श्वास नुसता जाणायचा, त्याला ओढायचे नाही की अडवायचे नाही, एवढीच सूचना विद्यार्थ्यांना दिलेली असते. पाचवीतली नवी मुले आरंभी चुळबुळ करतात. दिवाळीपर्यंत ती स्थिर बसू लागतात. गेली सत्तावीस वर्षे मी या दहा मिनिटांचा साक्षी आहे. असे असूनही श्वास ही किती नाजूक आणि किती परावलंबी गोष्ट ठरू शकते, याची खरी जाणीव मला दोन वर्षांपूर्वी एका शासकीय रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर बसलो असताना झाली.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने इतिहासाचा शिक्षक म्हणून माझ्याकडे लेख मागितला. वसतिगृहाच्या पहिल्या पत्र्याच्या खोल्या, पहिली तुकडी, देणगीसाठी केलेली पायपीट यांविषयी मी लिहावे, अशी अपेक्षा असणार हे उघड आहे. तो इतिहास माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी या अंकात लिहीत आहेत. मला एका वेगळ्या इतिहासाविषयी लिहावेसे वाटते. माणसाची श्वासनलिकाच कापायची वेळ आली, तर तेवढा वेळ त्याला जिवंत कसे ठेवायचे, हा त्या इतिहासाचा प्रश्न आहे. या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती आपल्याच एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याच्या आणि त्याच्या आईच्या संमतीने हे लिहीत आहे. नाव आणि गाव मात्र देत नाही. जुन्या विद्यार्थ्यांना तो कदाचित ओळखूही येईल, कारण चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात भीमगीत गाणारा त्याचा खडा आवाज ज्याने ऐकला, तो विसरणार नाही.

त्याचा मोटारसायकलवर अपघात झाला. डोक्याला मार लागला होता. सोळा दिवस तो अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होता. तोंडातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीने यंत्र त्याला श्वास देत होते. तो शुद्धीवर आला, चालू लागला, घरी परतला, तेव्हा आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु घरी गेल्यावर सहाएक आठवड्यांत त्याला जिना चढताना धाप लागू लागली. पुढे श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. गावाकडे तो दमा समजला गेला. तोंडात फवारण्याचा पंप आला, गोळ्या आल्या, पण उतार पडेना. शेवटी शेवटी तो रात्र रात्र उशीला टेकून बसून काढी, कारण आडवे होता येत नसे. गाणे तर सोडाच, चार शब्दांचे वाक्यही एका दमात पुरे होत नव्हते.

मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला, दुर्बिणीने तपासणी झाली आणि कारण कळले. फुप्फुसे निरोगी होती. स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका एका जागी आवळली गेली होती. निरोगी प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण दहा ते बारा सेंटिमीटर लांब असते. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या १८ ते २२ कूर्चांच्या कड्या तिला उघडी धरून ठेवतात. तिच्या आतली वाट सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते. ही वाट आठ मिलिमीटरपर्यंत आली की श्रम करताना धाप लागते आणि पाच मिलिमीटरवर आली की बसल्या जागीही श्वास वाजू लागतो. त्याची वाट पाच मिलिमीटर उरली होती, म्हणजे शाळेतल्या पेन्सिलीहूनही अरुंद. आणि इथे गणित साधे नसते. नळीची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही. तो निदान सोळापट होतो.

हे घडले कशामुळे? ज्या नळीने त्याचा जीव वाचवला, तिच्यामुळेच. श्वासनलिकेत घालायच्या नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की बाजूने हवा निसटत नाही आणि लाळ किंवा उलटी फुप्फुसात उतरत नाही. पण हा फुगा फाजील दाबाने किंवा फार दिवस भिंतीला चिकटून राहिला, तर आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. अस्तर मरते, कधी कधी खालची कूर्चाही मरते आणि ती जखम भरून येताना सभोवार वण तयार होतो. वण आकसतो, तशी वाटही आकसते. म्हणून नळी काढल्यावर लगेच काही जाणवत नाही. त्रास सुरू होतो तो काही आठवड्यांनी, माणूस घरी गेल्यावर.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट ओळखीची वाटते. एका संकटावरचा उपाय पुढच्या संकटाला जन्म देतो आणि मग त्यावरही माणसालाच उपाय शोधावा लागतो. कृत्रिम श्वासाची कथा तशी जुनी आहे. १५४३ मध्ये आंद्रेआस वेसालियस याने शरीररचनेवरील आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले, की प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकर मारली तर त्याची फुप्फुसे पुन्हा फुलतात. १८७८ मध्ये ग्लासगो येथे विल्यम मॅकइवेन या शल्यविशारदाने जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रुग्णाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म देत शस्त्रक्रिया केली. तोवर अशा वेळी गळ्याला छेद देऊनच नळी घालण्याची रीत होती.

परंतु यंत्राने दिवसेंदिवस श्वास देण्याच्या आजच्या पद्धतीचा उगम १९५२ च्या कोपनहेगनमध्ये आहे. त्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले. अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. बाहेरून छातीवर काम करणारी जी यंत्रे होती, ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या वेळी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला पाचारण करण्यात आले. २७ ऑगस्ट रोजी त्यांनी गुदमरत असलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन फुगा असलेली नळी घालवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग प्रश्न आला, की अशा अनेक रुग्णांच्या पिशव्या रात्रंदिवस दाबायच्या कुणी? तेव्हा वैद्यकीचे विद्यार्थी पुढे आले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रुग्णाच्या उशाशी बसून, आठवडेच्या आठवडे हाताने श्वास दिला. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. अतिदक्षता विभाग या संकल्पनेची सुरुवात या घटनेपासून मानली जाते.

यानंतर जगभर हजारो रुग्ण कृत्रिम श्वासावर वाचू लागले आणि त्यांच्यापैकी काहींच्या श्वासनलिका आवळल्याचे आढळू लागले. तो आवळलेला भाग कापून दोन टोके जोडता येतील का? त्या काळचा समज असा होता, की दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक भाग काढला तर टोके एकमेकांपर्यंत पोहोचणार नाहीत. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील हर्मिस ग्रिलो यांनी १९६० च्या दशकात मृतदेहांवर चिकाटीने अभ्यास केला. मान पुढे वाकवली आणि नलिका सभोवतालच्या ऊतींपासून योग्य प्रकारे सैल केली, तर प्रौढ माणसात जवळजवळ निम्मी श्वासनलिका काढूनही टोके जोडता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि त्यांचे सहकारी कूपर यांनी फुग्याच्या दाबामुळेच ही इजा होते हे सिद्ध करून कमी दाबाचा मऊ फुगा सुचवला. आज जगभर अतिदक्षता विभागांत तसेच फुगे वापरतात. फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका राखावा असा दंडक आहे. तरीही गंभीर रुग्णात, दीर्घ काळाच्या उपचारात ही इजा अजूनही होते.

आमच्या विद्यार्थ्यापुढे तीन वाटा होत्या. दुर्बिणीतून ती जागा पुन्हा पुन्हा रुंद करत राहायचे, किंवा गळ्याला कायमचे छिद्र ठेवून नळीवर जगायचे, किंवा शस्त्रक्रिया करायची. पहिल्या वाटेत वण परत आकसण्याची टांगती तलवार होती. दुसऱ्या वाटेत त्याचे गाणे संपत होते. तिसऱ्या वाटेतही आवाजाला धोका होताच, कारण स्वरयंत्र हलवणाऱ्या दोन नसा श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांनी वर जातात. तो सज्ञान होता. निर्णय त्याचा होता. त्याने वहीवर लिहून दाखवले, ‘सर, शस्त्रक्रिया.’

त्याचे वडील हयात नाहीत. आई शेतमजुरी करते. तिने मला सोबत नेले ते दवाखान्याची भाषा समजून सांगायला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टर मॅडम तपासायला आल्या. त्यांचे बोलणे संपत आले तेव्हा ताईंनी इतका वेळ मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “नळीच कापणार म्हणता. मग तेवढा वेळ माझ्या लेकरानं श्वास कुठून घ्यायचा?”

मॅडम उभ्या होत्या, त्या स्टूल ओढून बसल्या. त्यांनी केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर पेनाने एक नळी काढली आणि म्हणाल्या, “मावशी, हाच प्रश्न आम्हीही महिनाभर विचारत होतो. सांगते.”

पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी जे सांगितले, ते माझ्या समजुतीप्रमाणे येथे मांडतो.

इतर शस्त्रक्रियांत भूलतज्ज्ञ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून आपली वाट सुरक्षित करतो आणि शल्यविशारद शरीराच्या दुसऱ्या भागी काम करतो. इथे दोघांना एकाच वाटेवर काम करायचे असते. आणि वेळ फार थोडा असतो. श्वास थांबला तर निरोगी माणसाच्या शरीरातील ऑक्सिजनची शिल्लक एखाद्या मिनिटातच घसरू लागते. आधी काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देऊन फुप्फुसे भरून घेतली तर हा अवधी काही मिनिटांनी वाढतो. मेंदूला ऑक्सिजन न मिळता चार-पाच मिनिटे गेली, तर होणारी इजा भरून येत नाही. सगळी आखणी या काही मिनिटांभोवती करायची असते.

पहिला धोका भूल देतानाच असतो. स्नायू ढिले करणारे औषध दिले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. त्यानंतर पाच मिलिमीटरच्या वाटेतून नळी गेली नाही तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणून त्याचा श्वास चालू ठेवतच मुखवट्यातून हळूहळू भूल द्यायची. मग शल्यविशारदाने कडक दुर्बिणीने ती अरुंद जागा हलकेच रुंद करायची आणि तेवढ्यात एक बारीक नळी तिच्यातून पार करायची. पुढे भूल वायूने न देता शिरेतून द्यायची, कारण श्वासनलिका उघडी पडल्यावर वायू बाहेर निसटणार आणि रुग्णाला तो किती पोहोचला हे कळणार नाही.

मग गळ्याला आडवा छेद. श्वासनलिका उघडण्याच्या क्षणी विजेची सुरी वापरायची नाही, कारण ऑक्सिजनाच्या झोतात एक ठिणगीही आग लावू शकते. अरुंद भागाच्या खाली नलिका कापली की तोंडातून आलेली नळी वर ओढून घ्यायची. त्याच वेळी शल्यविशारद खालच्या उघड्या तोंडात दुसरी, तारेची गुंडाळी असलेली, न दुमडणारी निर्जंतुक नळी बसवतो. तिला जोडलेली लांब नळी निर्जंतुक चादरीवरून पलीकडे भूलतज्ज्ञाच्या हाती दिली जाते आणि यंत्राला जोडली जाते. याला ते लोक क्रॉस-फील्ड व्हेंटिलेशन म्हणतात. आता रुग्णाचा श्वास तोंडावाटे चालत नाही. तो गळ्यातल्या त्या उघड्या टोकातून, चादरीवरून आलेल्या नळीने चालतो. अरुंद भाग काढून टाकला की मागच्या भिंतीचे टाके घालायचे. खालची नळी तिथे आड येते. म्हणून ती थोड्या वेळासाठी बाहेर काढायची, दोन-तीन टाके घालायचे, पुन्हा आत बसवायची. असे कितीतरी वेळा.

“प्रत्येक वेळी आम्ही मोठ्याने बोलतो,” मॅडम म्हणाल्या. “ते विचारतात, काढू का? मी पडदा बघून सांगते, काढा. आकडा उतरायला लागला की मी म्हणते, बस, आत घाला. मग टाका अर्धवट असला तरी ते थांबतात. त्या वेळी कोण मोठा, कोण लहान हे नसतं.”

मागचे टाके पुरे झाले की खालची नळी काढून घेतात, तोंडातली नळी टाक्यांच्या पुढे उतरवतात, मान पुढे वाकवून टोके जवळ आणतात आणि पुढचे टाके बांधतात. शेवटी शक्य तितक्या लवकर त्याला स्वतःचा श्वास घेऊ देऊन तीही नळी काढायची, म्हणजे नव्या सांध्यावर दाब राहत नाही.

मी विचारले, की दुसरा मार्ग नाही का? आहेत, असे त्या म्हणाल्या. बारीक नळीतून जोरदार दाबाने ऑक्सिजनाचे अगदी छोटे झोत, मिनिटाला शंभरावर, सोडता येतात. दुर्बिणीतून ऑक्सिजनाचे झोत देण्याची युक्ती सँडर्स या अमेरिकन डॉक्टरने १९६७ मध्ये मांडली. शल्यविशारदाला त्यामुळे मोकळी जागा मिळते. पण आत गेलेल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. ती अडली तर फुप्फुस फुटू शकते. अगदीच वाट नसेल तर रक्तच शरीराबाहेर नेऊन यंत्रात त्याला ऑक्सिजन देण्याची सोय असते. ती खर्चिक आणि जोखमीची, म्हणून मोजक्या रुग्णांसाठी राखून ठेवलेली.

ताईंना यातले किती कळले, मला ठाऊक नाही. पण त्यांना जे हवे होते ते कळले. त्यांनी विचारले, “म्हणजे तुम्ही त्याच्या उशाशीच असणार ना? सगळा वेळ?” मॅडम म्हणाल्या, “सगळा वेळ, मावशी. मी जागची हलणार नाही.” ताईंनी संमतीपत्रावर लेकाच्या सहीशेजारी आपली सही केली, सावकाश, पूर्ण नावाने.

त्या रात्री रुग्णालयाच्या आवारात झोप येईना. वारंवार डोळ्यांसमोर येत होती ती चादरीवरून एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी नळी. आणि तिच्यासोबत, हातोहात फिरलेली आणखी एक वस्तू आठवत होती.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत काठियावाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले होते. त्या शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. छाती भरली, श्वास घेणे कठीण झाले. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातील प्रतिष्ठितांनी दोन रुपये फीची हमी घेतल्यावर तो आला, पण वस्तीबाहेरच तपासीन या अटीवर. दोन दिवसांची बाळंतीण बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाला दिला, शिक्षकाने पत्नीला लावला. आणि त्याच क्रमाने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात आकडा वाचून डॉक्टरने निदान केले, न्यूमोनिया. औषध पाठवले, पुन्हा मात्र तो तपासायला आला नाही. ती माउली गेली. बाबासाहेबांनी या प्रसंगावर लिहिताना बोट ठेवले ते त्या डॉक्टरच्या शिक्षणावर. शिकलेला असूनही आपल्या व्यवसायाचा आचारधर्म बाजूला सारताना त्याला कसली टोचणी लागली नाही.

हा उतारा मी दरवर्षी दहावीच्या वर्गापुढे ठेवतो. तो नवरा शिक्षक होता, मीही शिक्षक आहे. म्हणून तो वाचताना माझा आवाज जड होतो हे माझ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. पण त्यातील व्याधी श्वासाची होती, याकडे माझे लक्ष त्या रात्री प्रथमच गेले. त्या गावात हातांची साखळी उभी राहिली ती स्पर्श टळावा म्हणून. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहात उभी राहणार होती ती साखळी एका शेतमजूर बाईच्या मुलाच्या श्वासात क्षणाचाही खंड पडू नये म्हणून. दोन्ही ठिकाणी शिकलेलीच माणसे. नव्वद-पंच्याण्णव वर्षांच्या अंतराने या दोन साखळ्यांमध्ये काय घडले, याचे उत्तर विज्ञानाच्या प्रगतीत आहे तितकेच महाडमध्ये आहे, संविधानात आहे आणि शिकून त्या खोलीत पोहोचलेल्या आपल्या आई-बहिणी-भावंडांत आहे.

रुग्णालयाच्या आवारात जात संपली, असा दावा मी करणार नाही. सफाईच्या कामावर आजही बहुतेक कोणत्या वस्त्यांतील माणसे दिसतात, ते आपण जाणतो. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना काय सोसावे लागते, तेही जाणतो. म्हणूनच जिथे माणूस माणसाचा श्वास निर्मळ मनाने हाती घेतो, ती जागा नीट पाहून ठेवली पाहिजे आणि मुलांना दाखवली पाहिजे. करुणा हा शब्द आपण वंदनेत आणि भाषणात पुष्कळ वापरतो. त्या खोलीत करुणेला पडद्यावरचा आकडा वाचता यावा लागतो, वेळेवर ‘थांबा’ म्हणता यावे लागते आणि दुसऱ्याचे ‘थांबा’ ऐकताही यावे लागते. प्रज्ञा आणि शील यांच्याशिवाय अशी करुणा उभी राहत नाही.

शस्त्रक्रिया सकाळी नऊला सुरू झाली. रक्ताची गरज लागली तर म्हणून विद्यालयाचे दोन माजी विद्यार्थी रात्रीच्या एस.टी.ने येऊन रक्त देऊन गेले होते. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला सगळे टप्पे ठाऊक होते, आणि त्यामुळे घड्याळाकडे पाहणे अधिकच अवघड झाले होते. आता नलिका उघडली असेल. आता नळी चादरीवरून पलीकडे गेली असेल. आता कुणीतरी ‘काढू का?’ असे विचारत असेल. दीड वाजता शल्यविशारद बाहेर आले. अडीच सेंटिमीटरचा भाग काढला होता, टोके ताण न देता जुळली होती, आणि तो स्वतः श्वास घेत होता. ताईंनी विचारले, “त्या मॅडम कुठं आहेत?” त्यांना उत्तर मिळाले, “त्याच्या उशाशी.”

त्याला बाहेर आणले तेव्हा त्याची हनुवटी छातीला टाका घालून बांधलेली होती. मान मागे गेली तर नव्या सांध्यावर ताण येतो, म्हणून साधारण आठवडाभर ही खबरदारी घेतात. आम्हांला हे आधी सांगितलेले होते, तरी पाहून गलबलून आले. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत लिहिले, ‘सर, सात दिवस मान खाली. आपल्याला सवय नाही.’ ताईंना ते वाचून दाखवले. चार महिन्यांत त्या पहिल्यांदा हसल्या.

आठव्या दिवशी टाका निघाला. डॉक्टरांनी त्याला आकडे म्हणायला सांगितले. त्याने एक ते दहा म्हटले, एका दमात. आवाज घोगरा होता, पण होता. पुढे दुर्बिणीच्या तपासण्या झाल्या, वाट उघडी राहिली. आज तो नोकरी करतो आणि गातो. वरच्या पट्टीत जाताना थोडा थांबतो, सूर खाली घेतो आणि पुढे जातो.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना या अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली व्यवहाराची. अपघात, सर्पदंश, विषबाधा किंवा अन्य आजारात आपले कुणी अनेक दिवस व्हेंटिलेटरवर राहून घरी आले असेल आणि काही आठवड्यांत त्याचा श्वास वाजू लागला, आवाज बसू लागला, तर तो दमाच असेल असे गृहीत धरू नका. पूर्वी घशात नळी होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्वासनलिका तपासून घ्या. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. रुग्णाचा तोच इतिहास असतो.

दुसरी गोष्ट आपल्या मुलामुलींच्या भवितव्याची. डॉक्टर म्हटले की आपल्यासमोर शल्यविशारद उभा राहतो. भूलतज्ज्ञाचे नाव रुग्णाला बहुधा ठाऊकही नसते, कारण त्याचे सगळे काम रुग्ण झोपेत असताना चालते. आपल्या विद्यार्थ्याने त्या मॅडमना जागेपणी मिळून अर्धा तास पाहिले असेल. पण ते साडेचार तास त्याचा श्वास त्यांच्या हाती होता. त्यांच्या शेजारी उभा असलेला भूलतंत्रज्ञ, नळी अचूक क्षणी पुढे करणारी परिचारिका, यंत्र पहाटे तपासून ठेवणारा कर्मचारी, यांपैकी एकजण जरी त्या दिवशी बेसावध असता, तर हा लेख लिहिला गेला नसता. नाव न होणारी, पण जिच्यावाचून दुसऱ्याचे जगणे अडते, अशी विद्या शिकणे ही बाबासाहेबांच्या ‘शिका’ या आदेशाची मोठी पूर्तता आहे असे मला वाटते.

गेल्या वर्षी बारावी झालेल्या आपल्या दोन विद्यार्थिनींनी भूल आणि शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. प्रवेशापूर्वी त्या मला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “सर, नेमकं काय काम असतं ते सांगा.” मॅडमनी काढलेले चित्र असलेला तो केसपेपर ताईंनी मला जपून ठेवायला दिला आहे. तो मी त्यांच्यापुढे ठेवला आणि नळीच्या तुटलेल्या टोकांवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली.

विद्यालयाच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक मंगल कामना.

जय भीम!